लाडात वाढवलेले जिवाणू

मायक्रोबायोलॉजी शिकून सोलापुरातच राहायचं म्हटलं, तर मुलीपुढे दोन रस्ते असतात. एखाद्या लॅबमध्ये बसून लोकांची लघवी तपासायची, नाहीतर लग्न करायचं. मी तिसरा शोधला आणि शहराबाहेरच्या एमआयडीसीत जिवाणू वाढवायच्या नोकरीला लागले. आई शेजारणींना सांगायची, "औषधाच्या कंपनीत आहे." जिवाणू हा शब्द ती कटाक्षानं टाळायची. लोक आमच्याकडे चहा प्यायचे बंद होतील, अशी तिला भीती.

कंपनी म्हणजे पत्र्याची एक शेड, त्यात स्टीलची मोठी टाकी, सुकवायचं एक मशीन आणि पाकिटं भरायची खोली. मी क्वालिटी विभागाची प्रमुख होते. विभागात मी, एक मायक्रोस्कोप आणि एक पंखा एवढेच सदस्य होते, त्यातला पंखा अधूनमधून रजेवर असायचा. मालकांना सगळे अण्णा म्हणत. ते आधी दुधनीत तुरीचा व्यापार करायचे. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की पुढचा जमाना प्रोबायोटिकचा. पोटाला चांगले असणारे जिवाणू वाढवायचे, त्यांची पावडर करायची आणि वासरांना, गायींना चारायची. अण्णांना यातली एकच गोष्ट मनापासून पटली होती : माल आपोआप वाढतो. तुरीनं गोदामात असं कधी केलं नव्हतं.

मग त्यांनी जिवाणूंचे लाड सुरू केले. टाकीत साखर कधी कमी पडायची नाही. हे जिवाणू आंबटपणा तयार करतात, दुधाचं दही होतं ते त्यामुळेच. पण फार आंबट झालं की त्यांची वाढ मंदावते. म्हणून थोडं आंबट झालं रे झालं की मशीन टाकीत अल्कली सोडायचं. ना भूक, ना आंबटपणा, ना उकाडा. बाहेर आम्ही घामानं भिजायचो आणि आत त्यांची बडदास्त चाललेली. वाढ अगदी जोरात असताना त्यांना बाहेर काढायचं, हा अण्णांचा नियम. टाकीच्या काचेतून ते रोज बघायचे आणि म्हणायचे, "काय वाढलेत बघा की, मॅडम!"

वाढायचे खरे. पण नंतर त्यांना गोठवून, हवा काढून घेऊन त्यांच्यातलं पाणी ओढलं जायचं, तेव्हाच पावडर व्हायची. या सुकवण्यात बहुतेक मंडळी मान टाकायची. उरलेली पाकिटात.

"अण्णा, टाकीत मोजलेला आकडा पाकिटावर छापता येत नाही," मी म्हणाले.

"का? जिवाणू तेच की."

"तेच आहेत. पण मेलेत."

"मेले तरी आतच हायत न्हवं?"

आकडा छापला गेला.

मे महिन्यात नातेपुत्याच्या दुकानदाराचा फोन आला. "म्याडम, तुमचं औषध अन् मैदा, ह्यात फरक काय हाय तेवढं सांगा." अण्णांनी समजूत घालायला मला पाठवलं. क्वालिटी विभागाचं तेही काम असतं, हे नेमणुकीच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात गेले तर आमची पाकिटं शांपूच्या पुड्यांसारखी दारात दोरीला टांगलेली, भर उन्हात. मी तोंड उघडणार तोच बाकड्यावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "तूच का ती जंतूवाली? तुज्या पुड्या घालून माजं वासरू हगायचं थांबलं न्हाय. त्यापरीस ताक पाजलं आसतं की गं."

मी उन्हाचं कारण पुढे केलं. दुकानदार म्हणाला, "ऊन हितं नवीन आलंय व्हय? सोलापूरची कंपनी ना तुमची?"

परत येताना एसटीत मांडीवर पाकिटांची पिशवी होती. लाज वाटत होती, पण रागही होता, आणि तो म्हातारीवर नव्हता. दुसऱ्या दिवशी ती पावडर प्लेटवर वाढवून बघितली. जिवंत जिवाणू असते तर ठिपके उमटले असते. प्लेट इतकी स्वच्छ राहिली की तीत जेवण वाढता आलं असतं.

अण्णांनी यावर पुण्याहून सल्लागार आणले. सल्लागारांनी शेडमध्ये शिरताच रुमाल नाकाला लावला आणि लॅपटॉप उघडला. जिवाणूंवर फार ताण येतोय, असं त्यांचं निदान. टाकीच्या खोलीला एसी बसवा, खाद्य अजून भारी द्या, आंबटपणा जरासुद्धा वाढू देऊ नका. एसी बसला. माझ्या पंख्याची रजा चालूच होती. पुढच्या खेपेला टाकीत कधी नव्हे इतके जिवाणू वाढले आणि सुकवल्यावर कधी नव्हे इतके मेले. सल्लागारांना फोन केला तेव्हा ते एका परिषदेत ताण या विषयावरच बोलत होते.

मग मी दुपारी डबा खाताना मोबाइलवर शोधनिबंध वाचायला लागले. जे वाचलं ते आमच्या कारखान्याच्या बरोब्बर उलट होतं. जोरात वाढणारा जिवाणू नाजूक असतो, त्याचं सगळं लक्ष वाढण्यात. आंबटपणा साठू दिला, साखर संपू दिली, वाढ थांबेपर्यंत वाट बघितली, की तो स्वतःची डागडुजी करायला लागतो, अंगावरचं आवरण बदलतो, संरक्षणाची प्रथिनं तयार करतो. काढण्याआधी थोडा वेळ सोसवेल इतकी ऊब दिली, तर सुकवण्यात आणि नंतरच्या उन्हाळ्यात तो जास्त टिकतो.

अण्णा ऐकता ऐकता खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे उपाशी मारायचं?"

"मारायचं नाही. उपाशी ठेवायचं."

"बेड, बेड," ते कानडीत म्हणाले, म्हणजे नको. "आमच्या घरी दर श्रावणात अन्नदान असतंय, मॅडम. अन् हितं मी जित्या जिवाला उपाशी ठेवू?"

ज्यांना नंतर गोठवून, वाळवून वासराच्या पोटात पाठवायचं होतं, त्यांच्याबद्दल हा कळवळा. शेवटी एका चंबूत करून बघायची परवानगी मिळाली, तीही चंबू छोटा आहे म्हणून. मी एका चंबूतले जिवाणू लाडात वाढवले, दुसऱ्यातले आंबटात सोडून दिले, उपाशी ठेवले, शेवटी किंचित ऊब दिली. दोन्ही सुकवले आणि पावडरी मुद्दाम पत्र्याखालच्या फळीवर ठेवून दिल्या.

काही आठवड्यांनी दोन्ही पावडरी प्लेटांवर वाढवून बघितल्या. पहिलीवर दोन-चार ठिपके, दुसरी ठिपक्यांनी गच्च. मी एकटीच होते. त्या प्लेटकडे बघून "शाब्बास रे!" असं मोठ्यानं म्हणाले आणि मग दाराकडे बघून घेतलं.

अण्णांनी दोन्ही प्लेटा उजेडात धरल्या. "पण टाकीत कमी वाढतात की हे."

"टाकीत कमी, पाकिटात जास्त. वासराला आपण टाकी चारत नाही, अण्णा."

त्यांनी दुसरी प्लेट पुन्हा एकदा उजेडात धरली. मग "हौद" म्हणाले, म्हणजे होय. मला वाटलं, जिंकले.

चुलतबहिणीच्या हळदीसाठी मी एक दिवस रजा घेतली. परत आले तर शेडमध्ये उकळलेल्या दुधासारखा वास. ऑपरेटर माझ्याकडे न बघता फरशी पुसत होता. अण्णांनी स्वतः उभं राहून टाकीचं तापमान साठावर नेलं होतं आणि दुपारभर तिथंच ठेवलं होतं.

"थोडा चटका दिला तर एवढे टिकले," अण्णा म्हणाले. "म्हटलं, जरा सढळ हातानं देऊ."

"साठ अंशांत ते शिजतात, अण्णा."

"सगळे?"

मी प्लेट टाकून बघितली. सगळे. अन्नदान करणाऱ्या माणसानं एका दुपारीत केवढा संहार केला होता! मला हसू आवरेना आणि त्याच वेळी रडूही येत होतं, कारण त्या टाकीवर आमचा पूर्ण आठवडा गेला होता. अण्णांनी मात्र त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "किती त्रास द्यायचा, ते तुमी सांगा. मी हात लावत न्हाय." तापमानाच्या पॅनेलला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आली. आयुष्यात मिळालेला हा माझा सर्वांत मोठा अधिकार.

पुढचा माल नेमस्तपणे हाल करून निघाला. तो सुकवण्यात टिकला आणि पाकिटातही बऱ्यापैकी राहिला. पाकिटावरचा आकडा लहान झाला, पण खरा झाला. नातेपुत्याच्या दुकानदारानं परत माल मागवला. स्तुती म्हणून एवढंच बोलला, "आता मैदा वाटत न्हाय."

या दिवाळीनंतर अण्णांनी दुकानदारांचा मेळावा घेतला. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर आइस्क्रीम. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "आमचे जिवाणू सोलापूरच्या उन्हात तयार झालेत! लाड न्हाईत, कायबी न्हाय! पहिल्यापास्नंच माझं धोरण हे!" टाळ्या पडल्या. जिवाणूंनी जन्मात ऊन पाहिलेलं नाही, ते बंद टाकीत वाढतात, हे सांगायला मी अर्धवट उठले आणि आइस्क्रीम वितळतंय बघून खाली बसले.

शेजारी वेळापूरचा एक दुकानदार होता. त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे आता पाकिटं उन्हात ठेवली तर चालतंय की?"

"नाही. सावलीतच ठेवा. जमलं तर गारव्यात."

त्यानं माझ्याकडे निराशेनं बघितलं. "मग कणखर कसले ओ?"

"पहिल्यापेक्षा कणखर," मी म्हणाले.

"आसं व्हय," तो म्हणाला आणि माझ्या वाटीतल्या आइस्क्रीमकडे बघत उठून दुसरी वाटी आणायला गेला.