गच्चीवर आखलेला कुणगा

सरळ सांगते, आमच्या गावाच्या मुंबई मंडळाला शेतीतलं काही कळत नाही. गाव कोकणात, मंडळ घाटकोपरला, आणि गावात कुठलं यंत्र यावं हे ठरवणार कोण? तर गणपतीत जाऊन मोदक हाणून येणारे!

भात कापून तिथेच झोडणारं छोटं हार्वेस्टर घ्यायचं, एवढं ठरलं होतं. प्रश्न होता त्याच्या पुढच्या कापायच्या तोंडाचा, हेडरचा. यंत्र तेच, तोंडं दोन: एक रुंद, एक आखूड. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात रुंद तोंड सपाट शेतात झकास पळत होतं. आंदोलनांची पत्रकं मी स्वतः लिहिते, त्यामुळे पत्रक काय लपवतंय ते मला लगेच दिसतं. फोटोत बांधच नव्हता कुठे! मी बैठकीत तसं बोलले.

अध्यक्ष म्हणाले, "पोरी, रुंद घेतलं की काम लवकर उरकतं. खाली बस."

मी बसणार नव्हतेच. पण माझी आत्या उठली. "गच्चीवर चला सगळे."

गावात आमच्या घरातले आता थोरले काका तेवढे शेती करतात. गुडघे गेलेत, कापणीला माणसं मिळत नाहीत. यंत्र कुणग्यात, म्हणजे डोंगरउतारावरच्या आमच्या चिंचोळ्या भातखाचरात, वळलं नाही तर पुढच्या वर्षी जमीन पड टाकणार, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. आत्याच्या फोनवर, व्हिडिओ कॉलवरून, ते सुरुवातीपासून बैठक ऐकत होते.

आत्याने पावलं टाकत काकांचा कुणगा खडूने गच्चीवर आखला. कुणग्यातल्या आंब्याच्या जागी पाण्याची टाकी होतीच. मग रुंद तोंडाच्या मापाचा मांडवाचा बांबू अध्यक्ष आणि खजिनदारांच्या हातात आडवा दिला. "चला, कापा भात."

दोघे तोऱ्यात निघाले. वळताना बांबू टाकीवर धाडकन आपटला.

"आंबो पाडलात मेल्यांनु!" आत्या ओरडली. व्हिडिओ कॉलवर काका हसून हसून खोकायला लागले.

माझे बाबा मुलुंडच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी बांबू आखूड तोंडाच्या मापाला कापला. आता दोघे आरामात वळले.

"ह्याच तोंड घ्या," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या तोंडाएवढा मोठा नको."

सगळे हसले. निषेध नोंदवून मीही हसले.

पण काका हसले नाहीत. "आणि भातानंतर कुळथाचा काय?"

कुळीथ बुटका, आणि वाळलेली शेंग धक्का लागला की फुटते. बाबा फोनजवळ गेले. "दादा, तोंड तेच चालेल. जमिनीलगत उतरवायचं. पीक आत ओढणारा पुढचा रहाट असतो ना, तो हळू फिरवायचा. त्याच्या पट्ट्यांना रबर बांधलं की शेंगेला मार बसणार नाही."

"रबर खंयसून हाडू?"

"सायकलच्या जुन्या ट्यूब कापून मीच आणतो. बांधून देतो."

काकांनी फोन खाली ठेवला. पडद्यावर नुसतं घराचं छप्पर दिसत होतं. मग आवाज आला.

"बरा. मगे फुडल्या वर्साक बियाणा राखून ठेवतंय. आणि येताना त्या पोरीक घेवन ये. थंय सगळे तिका बसवतत. हंय उभी रवांदे, बांधार."