मामांच्या दिवाणखान्यातलं मतदान केंद्र

अख्ख्या जगाचं इंटरनेट आपल्याला न विचारता चालवलं जातंय, याचा मनापासून राग आलेला माणूस सबंध दिल्लीत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. मामा केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहतात, आणि एका जागी पाच मिनिटं बसलेले त्यांना कुणी पाहिलेलं नाही. वेबसाइटच्या पत्त्यांचे नियम ठरवणारी एक जागतिक संस्था आहे आणि तिला कुठलाही सामान्य माणूस सूचना पाठवू शकतो, हे त्यांना एका सुट्टीच्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून घराची शांतता गेली ती गेलीच. ‘नळाला पाणी आलं नाही तर आपण कंप्लेंट करतो ना? मग हे कुठून येतं, कोण सोडतं, हे नको विचारायला?’ असं ते येरझारा घालत विचारतात आणि उत्तराला न थांबता बाल्कनीत निघून जातात.

संस्थेने कुठलाही मसुदा लोकांच्या मतासाठी ठेवला की पहिला अभिप्राय मामांचा. तोही ऑफिसातल्या फायलीसारखा, परिच्छेदांना क्रमांक घातलेला आणि शेवटी ‘आदेशार्थ सादर’. ऑनलाइन बैठकीत बोलायला दोन मिनिटं मिळतात, म्हणून कुकर लावून सराव चालतो. पहिल्या शिट्टीच्या आत मुद्दा संपला पाहिजे. संपत नाही, आणि मामींच्या डाळीची पेज होते. कॅमेऱ्यासमोर वर कोट-टाय असतो, खाली पट्ट्यांचा पायजमा. तिकडच्या तंत्रज्ञांच्या बैठकीत हात वर न करता म्हणे गुणगुणून कौल देतात. हे वाचल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला गेलो, तर भेंडी की दोडका हे त्यांनी आम्हाला गुणगुणायला लावून ठरवलं. आम्ही सगळे भेंडीसाठी गुणगुणलो. ‘अच्छा, पण विरोधी मत ऐकून घेतलंच पाहिजे,’ असं म्हणून त्यांनी स्वतःच्या एकट्याच्या दोडक्यासाठी पाऊण तास चर्चा चालवली. शेवटी मामींनी खिचडी टाकली.

तर हे मामा यंदा आशिया-पॅसिफिकमधल्या सामान्य वापरकर्त्यांचे प्रतिनिधी म्हणून निवडणुकीला उभे राहिले. निवडणूक ऑनलाइन, नाव नोंदवलेल्या कुणालाही मत देता येणार. मी थट्टा करायला गेलो, तर ते पहिल्यांदाच चालता चालता थांबले. ‘जावईबापू, चौतीस वर्षं फायलींवर नोटिंग मी लिहिलं, सही दुसऱ्याची झाली. मार्चमध्ये रिटायर होणार, क्वार्टर सोडणार. एकदा तरी, यार, कुणीतरी मला निवडून द्यावं.’ मी थट्टा सोडली आणि मतदारांत माझंही नाव घाला म्हटलं.

मामांनी आयुष्यभर मतदान केंद्राध्यक्ष म्हणून निवडणुकीची ड्यूटी केलेली. मतदान म्हटलं की त्यांना दुसरं काही दिसतच नाही. त्यांनी कॉलनीतले शेजारी, मामी आणि मी मिळून एकोणीस जणांची नावं नोंदवून घेतली आणि रविवारी दिवाणखान्यात केंद्र थाटलं. टेबलावर लॅपटॉप, भोवती फ्रिजच्या खोक्याचा आडोसा, दाराशी रांग आणि बाहेर पडणाऱ्याच्या बोटाला मार्करचा ठिपका. वरच्या मजल्यावरचे शर्माजी ‘भाईसाहब, बटन कौन सा?’ म्हणून विचारायला लागले, तर उमेदवार स्वतःच कान झाकून भिंतीकडे तोंड करून उभा! पोहे मतदानानंतरच मिळाले, आधी दिले असते तर ते आमिष ठरलं असतं.

मंगळवारी मामांना आणि सगळ्या मतदारांना संस्थेची मेल आली. एकाच घरातून, एकाच लॅपटॉपवरून, तासाभरात एकोणीस मतं पडली होती. ती बनावट असल्याच्या संशयाने सगळी रद्द. मतदारांनी आपापल्या फोनवरून अठ्ठेचाळीस तासांत पुन्हा मत द्यावं. मी म्हटलं, ‘मामा, उठा, दारोदार सांगून येऊ.’ मामांचा चेहरा पडला. ‘शेवटचे अठ्ठेचाळीस तास प्रचार बंद असतो, जावईबापू. उमेदवार बोलू शकत नाही. बिल्कुल नाही.’ हा नियम त्यांना कुणी घातलेला नव्हता. दोन दिवस ते कॉलनीत खाली मान घालून भराभर फिरत राहिले, शर्माजी समोर आले की रस्ता ओलांडत राहिले, आणि कुणाशीही एक शब्द बोलले नाहीत.

मामांना एक मत पडलं.

मी भेटायला गेलो तर ते चक्क खुशीत होते. ‘माझं मत मी माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्या फिजीच्या शिक्षिकेला दिलं. तिचा जाहीरनामा चांगला होता आणि स्वतःला देणं बरं दिसत नाही. म्हणजे हे एक दुसऱ्या कुणाचं तरी आहे!’ त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘कुणाचं ते मला ठाऊक आहे. तुम्ही काही बोलू नका, गुप्त असतं ते.’

पुन्हा मत द्यायची ती मेल मलाही आली होती. संध्याकाळी बघू, असं म्हणून मी ती ठेवून दिली आणि विसरलो. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. मामी हळूच म्हणाल्या, ‘तुम्ही दिलं नाहीत ना? मीच दिलं. नातीकडून शिकून घेतलं, कुठे दाबायचं ते. पण त्यांना सांगू नका हं. बायकोचं मत काय, ते धरायचे नाहीत. तुमचं म्हणून किती खूश आहेत, बघा.’

बाहेर मामा पुढच्या निवडणुकीचा जाहीरनामा मोठ्याने वाचायला लागले होते. ‘जावईबापू, ऐकताय ना?’

‘ऐकतोय,’ मी म्हणालो. मामींनी माझं पान मांडलं, पोळीला तूप लावलं आणि ती त्यात वाढली.