काखेतला जोड

रंग उडू नये म्हणून मी धुतलेले कपडे उलटे करून वाळत घालते. आज सकाळी जांभळं ब्लाउज उलटं केलं, तर बाहीला काखेत एक तिकोनी तुकडा जोडलेला दिसला, तोही मरून रंगाच्या दोऱ्याने! हे ब्लाउज गल्लीतल्या टेलरकाकांनी शिवलेलं. त्यांच्यापुढे माप द्यायला मी श्वास रोखून उभी राहायची. कितीतरी लग्नांत मी ते मिरवलं, पण असं निरखून कधी पाहिलंच नव्हतं.

मागच्या आठवड्यात शिवणाच्या क्लासला मी माझं पहिलं ब्लाउज बेतलं. बाहीला कापड कमी पडलं. बाई सहज म्हणाल्या, "अगं, काखेत जोड दे. कोण बघायला येतंय?" जोड दिला, ब्लाउज शिवूनही झालं, पण मन खट्टू झालं. भाचीच्या डोहाळजेवणाला तेच घालायचं ठरवलं होतं. घरी येऊन ते कपाटाच्या तळाशी कोंबलं.

दोरीवर आता सगळ्या घराचे कपडे उलटे लोंबत होते. कुठे दोरे सुटलेले, कुठे शिवण वाकडी होऊन पुन्हा वाटेला लागलेली. यांतलं काहीही अंगावरून गळून पडलेलं मला आठवत नाही. आधी काकांचा राग आला, मग हसूच फुटलं. मनावरचं ओझं उतरलं.

आत गेले. कपाटातलं ब्लाउज काढून अंगात घातलं. मग बादलीतले उरलेले कपडे मी वाळत घातले, दोन्ही हात चांगले वर करून.