उतारावर न थांबलेली जीप

आमच्या घरी जीप आली त्या दिवशी गोठ्यातली बैलजोडी गेली. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचो, एका लाकूड ठेकेदाराची गाडी चालवत असे. ठेकेदाराचं आमच्या भागातलं काम आटोपलं तेव्हा त्याने आपली जुनी जीप दादाला दिली आणि बदल्यात आमचे बैल घेतले. लढाईच्या दिवसांतली, पलटणीने विकून टाकलेली गाडी होती ती. स्टेअरिंग डाव्या अंगाला, वर फाटकी ताडपत्री, दारं तर नव्हतीच. मायने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "बैलाले घर मालूम रायते. हे लोखंड कोणाले पुसून वापस येईन?"

"मी आणीन ना माय," दादा म्हणाला.

आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं. धानाच्या बांध्या संपल्या की रान सुरू. पन्नास सालानंतरची ती वर्षं. बाबा गेले तेव्हा दादा चौथीत होता. त्याने शाळा सोडली आणि मी शिकलो, इतकं ते सरळ आहे. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेला मी पहिला आणि नागपूरला कॉलेजात गेलेलाही पहिलाच. आज चार वाक्यं नीट लिहिता येतात ती दादाच्या नखांत साचलेल्या काळ्या ग्रीसमुळे. त्याचे उपकार लिहून फिटणार नाहीत, हे मला कळतं. पण एक गोष्ट गावाला माहीत आहे आणि माझ्या मुलांना नाही. ती त्यांना माझ्याकडूनच कळावी, म्हणून लिहायला बसलो आहे.

जीप घरची होती तशी गावाचीही होती. तिच्यात धानाची पोती गेली, तलावातल्या मासळीच्या टोपल्या गेल्या, बाळंतिणी गेल्या. एका हिवाळ्यात तर आम्ही बाराजण नाटक पाहायला वडशापर्यंत गेलो. चालवायचा दादा, पण जीप सांभाळायची वहिनी. सकाळी सडा टाकून झाला की ती हंडा घेऊन जीपकडे वळे. फडक्याने धरून रेडिएटरचं झाकण उघडायचं, पाणी भरायचं, तेलाची काडी काढून जुन्या लुगड्याच्या चिंधीला पुसायची, पुन्हा घालून पाहायची. दादाने शिकवलं तेवढं तिने उचललं आणि पुढे त्याच्याही पुढे गेली. तो समोर उभा राहून हँडल मारायचा, इंजिन खोकत सुरू व्हायचं, आणि ती चुलीपासून सांगायची, "अजी, एक पलग मरून राह्यला." दादा प्लग उघडून बघे. एक खरंच काळा पडलेला असे.

एका उन्हाळ्यात रेडिएटर गळू लागला. मिस्त्री राहायचा चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. मूल गावच्या बाजारात कुणा ट्रकवाल्याने दादाला सांगितलं, मूठभर हळद टाक, भोक बुजते. वहिनीने घरची हळद आणून टाकली आणि गळती थांबली. त्यानंतर इंजिन तापलं की अंगणात फोडणीसारखा वास सुटे. शेजारची काकी कुंपणावरून हे सगळं पाहत होती.

"काय वो, गाडीले हळद लावली? आता लगन बी लावून द्या."

"लागलंच समज काकी," दादा म्हणाला. "हे दुसरी. पहिलीपेक्षा बरी हाय, बोलत नाई."

"मंग भाकर बी तिलेच मागजा," वहिनी म्हणाली.

सगळे हसले. मी सुट्टीत घरी आलो होतो, मीही हसलो.

चांद्याच्या वाटेवर रानात एक नाला लागतो. आमच्या बाजूने उतार सुरू होतो तिथे, माझ्या जन्माच्या आधी, मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला वाघाने नेलं होतं. अशा जागेवरून जाताना आमच्याकडे माणूस एक दगड नाहीतर हिरवी डहाळी टाकतो, न टाकल्यास ती जागा कोपते म्हणतात. ती बाई कोण होती हे आता कुणाला सांगता येत नाही, पण ढीग वाढत राहतो. खालच्या डहाळ्या काळ्या होऊन माती झालेल्या, आणि वर केव्हाही बघा, दोन-चार ताज्या. मनुष्य दिसायचा नाही, पण कुणीतरी नुकतंच येऊन गेलेलं असायचं. मला लहानपणापासून त्या ताज्या पानांचीच भीती वाटे.

दादा तिथे प्रत्येक वेळी जीप थांबवायचा. डहाळी टाकायचा आणि मग जीपभोवती फिरायचा. चाकांना हात लावून कोणतं तापलंय ते बघायचा, वाकून खाली नजर टाकायचा, कारण पुढे उतार होता. कॉलेजात दोन वर्षं काढल्यावर मी त्या थांबण्याला भोळसटपणा म्हणू लागलो होतो.

मी बी.ए. झालो त्या वर्षी चांद्याच्या एका शाळेत मास्तरची जागा निघाली. मुलाखत सकाळी अकराला होती. उजाडताच निघायचं ठरलं होतं, पण त्या दिवशी इंजिन लवकर धरेना. तासभर तिथेच गेला. रानात शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. ढीग दिसला तसा दादाने वेग कमी केला.

"दादा, नको थांबू. उशीर होऊन राह्यला."

"डहाळी टाकतो अन् निंघतो ना बाबू. ब्रेक बी जरा खाली जाऊन राह्यला, पाह्यतो."

"येताना पाह्य. जीपीतल्या माणसाले वाघ नेते का? बी.ए. झालेला मानूस बसला तुह्या बाजूले, अन् तू डहाळ्या तोडतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. बाबू म्हणतो म्हणजे तसंच असेल, असा त्याचा चेहरा होता. मला शिकवताना त्याने हेच तर मिळवलं होतं, घरात एक असा माणूस ज्याचं ऐकावं.

"बरं साहेब," तो म्हणाला आणि जीप पुढे काढली.

उतारावर त्याने ब्रेक दोनतीनदा दाबला. मी मांडीवरची प्रमाणपत्रं उडू नयेत म्हणून हातांनी धरून बसलो होतो.

जागा मला मिळाली. नेमणुकीचं पत्र दुसऱ्या दिवशी मिळेल, थांबा, असं शाळेत सांगितलं. दादा थांबला नाही. "घरी सांगतो, मास्तर झाला म्हणून," एवढं बोलून तो दुपारी तीनला परत निघाला. नाल्याच्या पलीकडच्या उतारावर जीप थांबलीच नाही. सरळ खाली दगडांत गेली. गुराख्यांना तो दिसला तेव्हा संपलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी घरी पोचलो तेव्हा अंगणात माणसं होती आणि माझ्या खिशात ते पत्र. वहिनी रडत नव्हती. तिने मला एकच विचारलं, "सकाळी ढिगाजवळ थांबले होते ना?"

मी म्हणालो, "हो."

ती पाहत राहिली म्हणून मी पुढेही बोललो. "दादानं डहाळी टाकली. तेंदूची."

तेंदूची. विचारलं नसताना मी झाडही सांगितलं. तेव्हा मी स्वतःला समजावलं की तिला जरा बरं वाटावं म्हणून बोललो. तसं नव्हतं. तिच्यामागे माय उभी होती आणि मायच्या डोळ्यांना तोंड द्यायची माझी हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी लोकांनी बैल जुंपून जीप ओढत आणली आणि अंगणाच्या कडेला उभी केली. पुढचा भाग आत गेलेला, ताडपत्री लोंबणारी. दुपारी ऊन तापलं की तिचा पत्रा आवाज करायचा, पायरीवर कुणी पाय ठेवल्यासारखा. माय दर वेळी मान वर करून बघायची. आवाज पत्र्याचा आहे हे मला माहीत होतं. मान माझीही वर व्हायची.

पाचव्या दिवशी चांद्याचा मिस्त्री आला. दादाचा जुना दोस्त होता. जीपखाली तो बराच वेळ पडून होता. बाहेर आला आणि मला बाजूला नेऊन म्हणाला, "मागच्या चाकाकडं जाते ना ब्रेकची नळी, ते घासली होती. तेल दोन-चार दिवसांपासून झिरपून राह्यलं असन. चाक आतून पुरं ओलं हाय."

"वाकून पाह्यलं असतं त दिसलं असतं का?"

"उभ्यानं बी दिसलं असतं. मले तेच समजत नाई. तो त दर वेळी पाह्ये." मग तो म्हणाला, "कोनाची घाई होती का त्या दिवशी?"

मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.

माझं खोटं आता घरात एकटं फिरू लागलं होतं. काकीने त्याचा हिशेब केला तो असा. डहाळी तर टाकली होती. म्हणजे रानाचा राग नाही, त्या ढिगातल्या बाईचाही नाही. मग नेलं कुणी? आणि उत्तर तिच्याकडे तयार होतं, कारण तिने ते कुंपणावरून डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हळद लावली ना गाडीले," ती बायकांत बसून म्हणाली. "हळद लावली, ते नवरी झाली. नवरीनं नवरा नेला. अन् लावली कोनं, ते सांगाले पाह्यजे का?"

दोन दिवसांत हे गावभर झालं. बाईच्या हाताने इंजिन उघडू नये, हेही कुणाला तरी आठवलं. मायने वहिनीच्या हातचं खाणं बंद केलं. स्वतःची पेज स्वतः रांधून घ्यायची. वहिनीने आपली चटई उचलून गोठ्याकडच्या पडवीत टाकली. एकदा भर दुपारी मी तिला विहिरीपाशी पाहिलं. ती राखेने तळहात घासत होती. हातांना हळद काय, काहीच नव्हतं. कातडी लाल झाली होती तरी ती घासत होती. मला पाहून तिने हात पदरात घेतले.

मला तिथेच बोलता आलं असतं. मी पुढे निघून गेलो. शाळेत रुजू व्हायचा दिवस जवळ येत होता, आणि नेमणुकीचं पत्र मी पुन्हा पुन्हा उघडून वाचत होतो, जणू त्यात दुसरं काही लिहिलेलं सापडणार होतं.

तेरवीच्या दिवशी वहिनीचा भाऊ बैलबंडी घेऊन आला. मायनेच निरोप धाडला होता, जेवणं झाली की घेऊन जा. वहिनीचं गाठोडं दाराशी ठेवलेलं होतं. लहानसंच होतं. ते बंडीत ठेवायला तिचा भाऊ वाकला तेव्हा मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो.

"डहाळी नाई टाकली दादानं," मी म्हणालो. "तो थांबत होता. म्या थांबू नाई देल्लं. ब्रेक पाह्यतो म्हणे, तेबी म्या पाहू नाई देल्लं. वैनीले मी खोटं सांगतलं."

मिस्त्रीने सांगितलेलंही सांगितलं, ओल्या चाकाचं. मग लोक मला काय करतील याची वाट पाहत उभा राहिलो.

कुणी काही केलं नाही. पंगतीला आलेला एक म्हातारा उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे बाबू. शिकलेला मानूस तू, तुह्या डोक्यात मुलाखत होती. होनारं होऊन जाते." काकीने डोळ्यांना पदर लावला. "किती जळत असन लेकरू आतमधी," ती म्हणाली. जे वहिनीला बारा दिवसांत मिळालं नव्हतं ते मला घटकेत मिळालं. हळदीचं जे बोलले होते त्यांपैकी कुणीही तिच्याकडे वळलं नाही.

वहिनी पडवीच्या कडेला बसली होती. तिने विचारलं, "ब्रेकचं बोलले होते ते, सोताहून?"

"हो."

"अन् तुमी नको म्हनलं."

"हो."

मग ती म्हणाली, "बारा दिवस, भाऊजी. बारा दिवस मले वाटत राह्यलं का म्याच मारलं त्यायले."

दादा अपघातात गेला, त्यात माझी घाई होती, माझा अहंकार होता. पण ते बारा दिवस अपघाताचे नव्हते. ते मी एकेक करून तिला दिले होते, रोज सकाळी उठून, गप्प राहून. आज इतक्या वर्षांनी दादाचा चेहरा कधी कधी धूसर होतो. ती राख आणि ते तळहात होत नाहीत.

माय उठली, बंडीजवळ गेली आणि वहिनीच्या भावाला म्हणाली, "बैल सोड बाबू. जेवून जा. हे नाई येत तुह्यासंग." गाठोडं तिने स्वतः उचलून आत नेलं. परत आली ती हातात रिकामं ताट घेऊन, आणि वहिनीसमोर बसली.

"वाढ मले," माय म्हणाली.

वहिनी उठली. हात धुऊन तिने मायला वाढलं, मग भावाला, मग पंगतीत बसलेल्या सगळ्यांना, काकीलाही. शेवटी माझ्यापाशी आली. माझ्या ताटात तिने भात घातला, वरण घातलं. पूर्वी ती वाढताना विचारायची, "आनखी घ्या ना, भाऊजी?" त्या दिवशी तिने विचारलं नाही. ती आमच्याकडेच राहिली, मायला शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं, मी सुट्टीत घरी जाई तेव्हा माझं ताटही तीच वाढत असे. भात नेहमी पुरेसा असे. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.