गोपनीय शेंगा

शुक्रवार पेठेतल्या टपरीवर माझ्या शेजारी रोज एक निवृत्त साहेब चहाला बसायचे. सरकारी अणुसंशोधन प्रयोगशाळेत त्यांची तीस वर्षं गेली होती. तिथल्या कामाबद्दल विचारलं की चष्मा पुसत म्हणायचे, "ते गोपनीय आहे."

एकदा वैरागच्या एका शेतकऱ्यानं त्यांच्यापुढं मूठभर शेंगा ठेवल्या. "साहेब, किरणं देऊन केलेलं हे वाण तुमच्याच प्रयोगशाळेचं की. खाऊन बघा."

साहेब बाकावर मागं सरकले. "नको, किरणं बाधतात."

"किरणं पहिल्या बियाला दिली हुती. शेंगंत कुटं हायत ती? तुमी तितं काय करत हुता?"

"ते गोपनीय आहे."

आम्ही शेंगा फोडून खाल्ल्या. साहेबांनी प्रयोगशाळेचं गुपित इतकं जपलं होतं, की ते त्यांनासुद्धा कळलं नव्हतं.