डिकीतली बॅटरी आणि लाल पाटी

हे गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण ती गाडी आठवली की मला अजून आधी राग येतो आणि मग रडू येतं. राग आधी, कारण स्वभावच तसा आहे माझा, कोण काय करणार! हे म्हणजे माझे यजमान. आम्ही मूळचे नाशिकचे. ह्यांना भोपाळच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये, आणि बरखेड्याच्या एका क्वार्टरमध्ये आमची तीस वर्षं गेली. मुलगी तिथेच वाढली आणि लग्न होऊन पुण्याला गेली. मागच्या अंगणात पेरू, पुढे मेंदीचं कुंपण, आणि त्या दोघांच्या मध्ये शेवटी शेवटी ती पिवळीधम्मक गाडी.

लोक रिटायरमेंट जवळ आली की चारधामचं बघतात, गावाकडे घर बांधायला घेतात. आमच्याकडे तीन वर्षं राहिली असताना ट्रकमधून एक खोकं आलं. ह्यांनी मला न विचारता एका भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या गाडीचा सांगाडा, इंजिन आणि कागद असं सगळं घेऊन ठेवलं होतं, आणि त्याच्यावर बसवायची फायबरची बॉडी पुण्याच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून मागवली होती. त्याला किट म्हणायचं म्हणे. सुटे भाग येतात, आपण घरी जोडायचे. मी खोकं उघडलेलं बघितलं आणि म्हटलं, "अहो, हा आंघोळीचा टब कशाला मागवलात?" हे हसले. ह्यांना माझ्या बोलण्याचा कधी राग आला नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

गाडीत जागा दोनच. एक ह्यांची आणि एक माझी. "रिटायर झालो ना, की सामान ट्रकने पाठवायचं आणि आपण दोघं ह्या गाडीतून नाशिकला जायचं. इंदूर, धुळे, कुठे घाई नाही," असं हे जेवताना म्हणायचे. एवढीच इच्छा होती त्या माणसाची. बाकी उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत.

दोन वर्षं सुट्टीचा एकेक दिवस त्यात गेला आणि गाडी एकदाची चालू झाली. दसऱ्याला मी तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि हे म्हणाले, "बस ना, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." मी बसले. इंजिन चालू झालं, आणि पायाशी कसला तरी आंबूस, नाकाला झोंबणारा वास यायला लागला. खाली बघते तर माझ्या पायांना टेकून बॅटरी! पुढे इंजिनशेजारी तिला जागाच उरली नव्हती, म्हणून किटवाल्यांनी ती बसणाऱ्याच्या पायाशी ठेवलेली. मी तशीच उतरले. दोन दिवसांनी साडी धुतली तर काठाला ॲसिडने भोकं पडलेली. झालं! मी आकांडतांडव केलं. "ही बॅटरी तिथे आहे तोवर मी ह्या गाडीत पाऊल टाकणार नाही," असं त्यांना ठणकावून सांगितलं.

आता खरं सांगते, इतक्या वर्षांनी कुणाची भीती आहे? साडी हे निमित्त होतं. मला त्या गाडीची लाज वाटायची. आमच्या ओळीतल्या बाकीच्या घरांसमोर शोरूमच्या चकचकीत चार दारांच्या गाड्या यायला लागल्या होत्या. भिशीच्या दिवशी बायका विचारायच्या, "तुमच्याकडे ती पिवळी काय आहे हो?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या टबात बसून बरखेड्याच्या बाजारातून जायचं, सगळ्यांनी वळून वळून बघायचं, ह्या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा यायचा. पण नवऱ्याला तोंडावर "मला तुमची लाज वाटते" असं कसं म्हणायचं? तेव्हा बॅटरी बरी सापडली.

हे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मागे डिकीत टाकतो." आणि लागले कामाला. मला वाटलं होतं, उचलायची आणि मागे ठेवायची, त्यात काय? पण नाही. रोज जेवताना मला नवीन पाठ. डिकीपासून पुढे इंजिनपर्यंत जाडजूड केबल न्यायची, ती जिथे पत्र्यातून जाते तिथे रबराची कडी घालायची, नाहीतर घासून घासून आग लागेल. बॅटरीजवळच फ्यूज हवा. बॅटरीला पेटी हवी, आणि पेटीतला वायू बाहेर जायला नळी. शिवाय इतर गाड्यांत बॅटरीची एक तार सरळ बॉडीला जोडून भागतं, पण फायबरमधून करंट जात नाही, म्हणून तिच्यासाठीसुद्धा खाली सांगाड्यापर्यंत वेगळी केबल. कारखान्यात असल्या केबलचे ढीग पडलेले असत, पण गेटबाहेर एक खिळासुद्धा आणायचा नाही हा ह्यांचा बाणा. शहरात जाऊन चार दुकानं फिरले आणि विकत आणली. मी आपली "हं, हं" करत पोळी वाढायचे आणि मनात म्हणायचे, जितके दिवस लागतील तितके बरे.

काम सुरू केलं त्या दिवशी ह्यांनी डिकीत बॅटरीच्या पेटीवर लाल पाटी अडकवली. कारखान्यात त्या पाटीला फार मान. कुणी स्विच बंद करून आत काम करत असेल तर स्विचवर आपली पाटी लावतो, "आदमी काम पर है", आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची. तो विसरून घरी गेला तर त्याला घरून बोलावून आणतात, पण दुसरा कुणी हात लावत नाही. ह्यांनी तशीच एक पाटी घरासाठी रंगवून घेतली होती. पूर्वी एकदा हे पंखा दुरुस्त करत होते आणि मला चटणी वाटायची घाई, मी मेन स्विचवरची पाटी काढून बाजूला ठेवली आणि स्विच वर केला. हे स्टुलावरून खाली आले ते थेट जमिनीवर. चिडले नाहीत, उठून स्विच खाली केला आणि पाटी परत जागेवर लावली. तेव्हापासून मी त्या पाटीला कधी बोट लावलं नाही. त्यामुळे पाटी लटकतेय म्हणजे काम बाकी आहे, हे मला सांगावं लागत नसे.

दिवाळी गेली, थंडी पडली. मध्ये मी भाचीच्या लग्नासाठी आठ दिवस नाशिकला जाऊन आले. आल्यावर मागे जाऊन बघितलं, पाटी होतीच. "झालं का हो?" मी विचारलं. "थोडं राहिलंय," हे म्हणाले. पुढे महिनाभराने विचारलं तरी तेच. मी एकदा चेष्टाही केली, "कारखान्यात असंच काम करता का? तरीच सरकार बुडतंय!" हे हसले आणि पेपर वाचायला लागले. मला आतून सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

फेब्रुवारीत एका सकाळी पहिल्या पाळीला निघताना हे बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच बसले. "जरा पाणी दे गं," म्हणाले. मी पाणी घेऊन आले तोवर सगळं संपलेलं होतं. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी नुसती मान हलवली. रिटायरमेंटला चार महिने राहिले होते.

महिन्याभराने क्वार्टर सोडायची तयारी सुरू झाली. मुलगी पुण्याहून येऊन भांडीकुंडी बांधत होती. गाडीचं काय करायचं हा प्रश्न होता, तेव्हा ह्यांच्या सेक्शनमधले मिस्त्रीजी आले. जन्माचे भोपाळी, ह्यांच्याबरोबर वीस वर्षं एका शिफ्टला काम केलेले. मी म्हटलं, "मिस्त्रीजी, तुम्हीच घेऊन जा ही. तेवढं बॅटरीचं राहिलेलं काम करा आणि चालवत न्या."

मिस्त्रीजींनी डिकी उघडली आणि हात मागे घेतला. "भाभीजी, बोर्ड उनका है. मैं कैसे उतारूँ?"

"अहो, आता ते कुठून येणार काढायला?" माझा आवाज चढला. असल्या वेळीही चढतोच तो.

"आदमी न रहे तो उससे सीनियर उतारता है," ते शांतपणे म्हणाले. "घर में उनसे सीनियर तो आप ही थीं."

मग मी पुढे झाले. पाटीची तार पेटीच्या कडीला दोनदा पीळ देऊन अडकवलेली होती. माझ्या बोटांना ती सुटेना. सुटली तेव्हा मी पेटीचं झाकण उघडलं. मला वाटलं, आत अर्धवट तारा असतील. तर बॅटरी पट्ट्याने घट्ट बसवलेली, दोन्ही केबल जोडलेल्या, टोकांना ग्रीस लावलेलं, फ्यूज, नळी, सगळं जागच्या जागी. मी मिस्त्रीजींकडे बघितलं.

"काय राहिलं होतं ह्यात?"

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाले, "कुछ नहीं, भाभीजी. आप शादी में नाशिक गई थीं न, तभी पूरा हो गया था. मैं साथ में था. हम करोंद तक चलाकर ले गए थे."

करोंदला धान्याची मंडी आहे. तिथे ट्रक तोलायचा मोठा काटा असतो. बॅटरी मागे गेल्यावर गाडीचं वजन पुढे किती, मागे किती, हे ह्यांना मोजून बघायचं होतं. मिस्त्रीजी स्कूटरवरून मागे मागे गेले होते. पण दोन माणसं बसल्यावर किती होईल ते कळायला हवं, म्हणून ह्यांनी मंडीत पन्नास किलोचं गव्हाचं पोतं घेतलं आणि माझ्या जागेवर बांधलं. मग म्हणाले, नाही, ती पंचावन्न किलोची आहे. म्हणून वर आणखी पाच किलोची पिशवी ठेवायला लावली. मी तेव्हा चांगली बासष्ट किलोची होते, पण ह्यांना पंचावन्न सांगितलं होतं आणि त्यांनी ते खरं धरलं होतं.

"गाडी कशी चालली?" मी विचारलं.

"एकदम मक्खन. पूरे रास्ते ख़ुश थे. बोरी बँधी हुई ही वापस लाए."

"मग ही पाटी? पाटी का नाही काढली?"

मिस्त्रीजींनी रुमाल काढला आणि उगाचच हात पुसले. "उतार दी थी. घर आकर फिर लगा दी. मैंने पूछा, तो बोले, उसका मन नहीं है इस गाड़ी में बैठने का, मुझे मालूम है. बोर्ड उतरेगा तो मैं पूछूँगा, और उसे फिर से ना कहना पड़ेगा. लगा रहने दो. कभी मन हुआ तो ख़ुद ही कहेगी."

देवा! म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. साडीची भोकं, वास, पायाशी बॅटरी, हे सगळं माझं नाटक आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. तरी चार दुकानं फिरून केबल आणली, ओणवं राहून राहून पाठ धरेपर्यंत काम केलं, आणि काम झाल्यावर माझी अडचण होऊ नये म्हणून ते झालंच नाही असं दाखवलं. मी रोज चहा घेऊन मागच्या दारी यायचे. "चला, एक चक्कर मारू" एवढंच म्हणायचं होतं मला. किती सोपं होतं. तीन महिने त्यांनी वाट बघितली असणार, आणि मी सरकार बुडण्याचे विनोद करत होते. आणि तो गहू! मीच तो निवडला, दळून आणला. त्याच्या पोळ्या आम्ही दोघांनी थंडीभर खाल्ल्या. पोळ्या मऊ होतात हो ह्या गव्हाच्या, असंही मी म्हटलं होतं.

मिस्त्रीजींनी किल्ली फिरवली. इतके महिने उभी असलेली गाडी, पण पहिल्या झटक्यात चालू झाली. वास नाही, काही नाही. त्यांनी आतून हात लांब करून डावीकडचं दार उघडलं. "आइए भाभीजी. एक चक्कर. उनको अच्छा लगेगा." मुलगी पायरीवर उभी होती, तीही म्हणाली, "जा ना आई."

मी दारापर्यंत गेले. एक पाय उचललाही. आणि त्यांच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "नको."

जो शब्द पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी ती पाटी लावून ठेवली होती, तोच. मिस्त्रीजींनी दार लावून घेतलं. गाडी मेंदीच्या कुंपणाबाहेर पडली, बाजाराच्या दिशेने वळली, आणि मी मुलीला म्हटलं, "आत चल, भांडी राहिलीत." आम्ही नाशिकला रेल्वेने गेलो.