चष्मेवाल्याचा फुकटचा बेडूक

चौकातला चष्मेवाला म्हणजे गरीब गाय, असं अख्खी गल्ली सांगे. गिऱ्हाईक दहादा "अजून धूसरच" म्हणालं, तरी हा अकराव्यांदा भिंग बदलून विचारणार, "हे बरं की आधीचं?" पण गेले पंधरा दिवस हीच गाय काउंटरमागे फोनवर शिंगं रोखून बसली होती. कारण काय, तर एक बेडूक!

बेडूक ह्याचाच. तीन वर्षं खपून त्यानं एकट्यानं एक गेम बनवला होता. बेडकानं उड्या मारत मनोऱ्याच्या टोकाला जायचं आणि तिथला दिवा लावायचा. गेम फुकट वाटला, चारशे जणांनी घेतला. दिवा किती जणांनी लावला? शून्य. हा आकडा त्याला रोज दिसे, आणि वर लोकांचे अभिप्राय.

"ऐक," तो बायकोला म्हणाला. "'सातवी उडी अशक्य. बेडूक आहे की वीट?' आणि हा महाभाग विचारतोय, पैसे परत मिळतील का! अगं, फुकट दिलाय! धर्माच्या गाईचे दात मोजतायत लेकाचे."

"मग उडी सोपी करा."

"सोपीच आहे! मी डोळे मिटून मारतो."

"डोळे मिटून तुम्ही माझ्या भाजीलाही नावं ठेवता," बायको म्हणाली. "दुकानात परक्याला दहादा विचारता, हे बरं की आधीचं. इथं एकाला तरी शेजारी बसवून विचारलंत?"

हे मात्र झोंबलं. रविवारी त्याची आत्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला आली, तर त्यानं तिलाच कॉम्प्युटरपुढे बसवलं. बायकोनं अट घातली, "तुम्ही अवाक्षर काढायचं नाही."

सातव्या उडीला आत्या तेवीस वेळा पडली. चष्मेवाला रुमाल चावत उभा.

"बापावर गेलाय रे तुझा बेडूक," आत्या म्हणाली. "शाळेत लांब उडीला तूही खड्ड्याच्या अलीकडेच पडायचास."

"आत्या, जरा आधी..."

"अहो!" बायको ओरडली.

चोविसाव्या वेळी त्याला दिसलं. आत्या कडेपर्यंत जाऊन मगच बटण दाबत होती, शहाणं माणूस दाबेल तशी. बेडकाची बोटं कडेवर दिसत, पण गेमच्या लेखी तो केव्हाच घसरलेला असे. चष्मेवाल्याची बोटं तीन वर्षांत केसभर आधी दाबायला शिकली होती, आणि त्याचा त्यालाच पत्ता नव्हता. दुसऱ्यांची नजर तपासणारा माणूस!

त्यानं कड दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी अभिप्राय हजर: "आता फारच सोपं. मजा गेली."

"ह्यांच्या तोंडाला कुणी लागायचं!" म्हणत त्यानं फोन फ्रेमांच्या खणात कोंबला.

गुरुवारी खण उघडून फोन पाहिला, तर एकच तारा आणि खाली एक ओळ: "एवढा घाम गाळून वर जावं, तर दिवा हा असला मिणमिणता!"

चष्मेवाला स्टुलावरून उठलाच. "अगं, दिवा दिसला त्याला! पोचला तो वर!" आकडा पाहिला. एक.

"एकच तारा दिलाय हो त्यानं," बायको म्हणाली.

"देऊ दे." तो खाली बसला. मग पुन्हा कपाळाला आठी. "मिणमिणता म्हणे! तीन वर्षं घालवली ह्या दिव्यावर..."

बडबडतच त्यानं दिव्याचा उजेड थोडा वाढवला, पडदा बायकोकडे वळवला आणि विचारलं, "हे बरं की आधीचं?"